सूटवाल्याचा डावा खांदा

४ जानेवारी, सकाळी
टीव्हीवरचा सूटवाला आज पुन्हा कामावर बोलला. म्हणे, हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठू नका. हिने ओल्या हातांनी उभं राहून सगळं ऐकलं. लग्नापासून मी हेच सांगतोय. तेव्हा मात्र हिचं दूध उतू जात असतं.
मी शिवणकाम कोणाकडे शिकलो नाही. जुने कोट उसवून शिकलो. याला सुईत दोरा तरी ओवता येतो का?

५ जानेवारी
हिला त्याच्या कार्यक्रमाचा पास मिळाला. शनिवारी शूटिंग. माझा कोट तोवर शिवून होईल का, म्हणाली. (गेल्या हिवाळ्यात कटिंग झालंय.) होईल म्हणालो. असा शिवतो, की कॅमेरा त्याला सोडून हिच्याकडे वळेल.
संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. तो साडेपाचला उठतो.

६ जानेवारी
आठला उठलो. गजर हलक्या प्रतीचा आहे.
कार्यक्रम पाहिला, केवळ अभ्यास म्हणून. सापडलं. त्याच्या कोटाचा डावा खांदा उतरतो. हिला दाखवलं. टेकून बसलाय तो, म्हणाली.

७ जानेवारी
तोच भाग पुन्हा लावला. टेकलेला नसतानाही उतरतो. पडद्याला टेप लावून मोजलं. पाव इंच. दिवस त्यात गेला. काचेवर बोटांचे ठसे कोणाचे, असं हिने विचारलं. कोटाचं विचारलं नाही. समजूतदार आहे.

८ जानेवारी
एक बाही लावली. चुणी आली. उसवली. पुन्हा लावली. घाईचं काम आपल्याकडे नाही.
मेहुणा डोकावून गेला. भाऊजी, ताईला बाजारातून घेऊन देऊ का, म्हणाला. मी हसलोसुद्धा नाही. दुसरी बाही उद्या पहाटे.

९ जानेवारी, शनिवार, सकाळी दहा
ही गेली. मेहुण्याने आणलेला रेडिमेड घालून. माझा एका बाहीचा कोट नीट घडी करून ठेवलाय.

१५ जानेवारी
तो भाग लागला. ही दुसऱ्या रांगेत. सूटवाल्याने विचारलं, घरी मन लावून काम कोण करतं? आमचे हे, म्हणाली. कपडे शिवतात, फार बारकाईने. हा कोटही त्यांनीच शिवला का? ही हो म्हणाली. खांदा काय सुरेख बसलाय, म्हणाला तो. कॅमेरा हिच्याकडे वळला.
मी चित्र थांबवलं. टेप घेऊन पडद्याजवळ गेलो. हिच्या कोटाचा डावा खांदा, उजवा खांदा, दोन्ही मोजले. कुठेही फरक नाही.
ठसे पुसून ठेवा, ही आतून म्हणाली.