प्रमाणपत्राच्या काचेवरील न निघणाऱ्या डागांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक (भांडार व स्वच्छता),
वेधशाळा प्रशासन, तळमजला.

अर्जदार: काच-अभिलेखपाल, वरचा मजला (जेथे आपण अद्याप आलेला नाहीत).

विषय: आपल्या दालनातील प्रमाणपत्राची काच सोमवारी न धुणेबाबत.

संदर्भ: १) आपले परिपत्रक, 'इमारतीतील सर्व काचा स्वच्छ करणे'.
२) सफाई कर्मचारी मावशींना आपण दिलेला मेमो.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांवर आपल्या कार्यालयाचा शिक्का पडला आहे, नजर पडलेली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. मी या वेधशाळेत एकतीस वर्षे जुन्या छायाचित्र-काचा सांभाळते व वाचते. इलेक्ट्रॉनिक कॅमेरे येण्यापूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत असत. काचेच्या एका बाजूस रसायनाचा पातळ थर असतो व त्यात प्रत्येक तारा काळा ठिपका होऊन उमटतो. तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा. शाळकरी मुलांना हे एकदा सांगितले की समजते. आपणास तीन अर्जांत सांगून झाले आहे.

२. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी एकोणीस दिवस रजेवर असताना आपण माझी कपाटे उघडवून तीन हजार एकशे बारा काचा गरम पाण्यात सोडा घालून धुऊन घेतल्या. भांडार नोंदवहीत त्यांची नोंद "काच, मळकट" अशी आहे. तो मळ म्हणजे तारे होते. साठ वर्षांचे आकाश मोरीतून वाहून गेले आणि मोकळ्या काचा सूचनाफलकांना व चौकटींना बसल्या. या कामगिरीबद्दल आपणास स्वच्छता पंधरवड्याचे प्रथम क्रमांकाचे प्रमाणपत्र मिळाले. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण कार्यालयीन पत्रव्यवहारात वापरू नये असा संकेत असल्याने मी ती येथे वापरत नाही.

३. "तारे रोज दिसतातच की, मग जुने फोटो कशाला?" असे आपण जिन्यात मला विचारले होते. त्याचे उत्तर नोंदीसाठी देत आहे. तारा घडायला लाखो वर्षे लागतात आणि आपण साठाव्या वर्षी निवृत्त होतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्यासमोर ठाण मांडून बसत नाहीत. धुळीच्या ढगात नुकते पेटू लागलेले, भोवती धुळीची चकती फिरवणारे, त्या चकतीतून ग्रह घडून स्थिरावलेले, म्हातारपणी फुगलेले आणि विझलेले, असे वेगवेगळ्या वयाचे तारे पाहून ते त्यांचा क्रम लावतात. दवाखान्याच्या बाकावर तान्हे बाळ, शाळकरी मुलगी, आई आणि आजी शेजारी बसलेल्या दिसल्या की माणूस कसा वाढतो ते कळते. त्यासाठी बाकासमोर सत्तर वर्षे उभे राहावे लागत नाही. मात्र एखादा तारा कधी मंदावतो आणि पुन्हा कधी मंदावतो, हे त्याच्या जुन्या नोंदींवरूनच कळते. गेलेली तारीख पुन्हा आकाशात येत नाही. ती फक्त काचेवर असते. म्हणजे होती.

४. आता एका ताऱ्याविषयी. हा तारा वयाने कोवळा आहे व त्याच्याभोवती धुळीची चकती आहे. बारा वर्षांपूर्वी तो काही आठवडे मंद झाला. चकतीत ग्रह घडत असावा व त्याच्याभोवतीचा धुळीचा गोळा ताऱ्यापुढून गेला असावा, असा अंदाज आहे. घडत असलेला ग्रह आपल्या ताऱ्यापुढून जाताना सापडणे म्हणजे काय, हे आपणास पटवण्याचा नाद मी सोडला आहे. गेल्या वर्षी जुन्या नोंदवहीत मला आमच्या जुन्या सरांचा शेरा सापडला. छत्तीस वर्षांपूर्वीच्या काच क्र. २२१७ वर हाच तारा "अंधुक वाटतो" असे त्यांनी लिहिले होते. हे खरे असेल तर तो गोळा चोवीस वर्षांनी फेरी पुरी करतो व आजपासून बारा वर्षांनी परत येईल. नेमका केव्हा, हे काचेवरील ठिपका मोजल्याशिवाय निघत नाही. तो मोजण्याइतके मला दिसत नव्हते. डोळ्याची शस्त्रक्रिया मी त्याचसाठी करून घेतली. पट्टी सुटली, दिसू लागले, आणि पाहते तो कपाट रिकामे. त्या दिवशी मी जमिनीवर बसून रडले, हेही नोंदीसाठी.

५. मंगळवारी मावशी आपला मेमो घेऊन माझ्याकडे आल्या. प्रमाणपत्राच्या काचेवर माशांनी घाण केल्यासारखे डाग असून ते हयगयीमुळे निघालेले नाहीत, सोमवारी सकाळी अकरापर्यंत न निघाल्यास निलंबन, असा मजकूर होता. मावशी म्हणाल्या, "बाई, बाहेरून कितीही घासा, डाग आतल्या अंगाला आहेत. आता चौकट उघडून सोड्यानंच धुवायला सांगितलंय." मी खाली येऊन दारातून पाहिले. धुणाऱ्याने त्या एकाच काचेची चुकीची बाजू धुतली होती, त्यामुळे थर व त्यातले तारे शाबूत होते. आपल्या नावाच्या बरोबर वर, सरांनी कोपऱ्यात शाईने घातलेला आकडा होता: २२१७. ते प्रमाणपत्र आपण चार महिने रोज पाहत आहात. आकडा आपणास दिसला नाही. सरांचे वय आता चौऱ्याऐंशी आहे. ते फोनवर विचारतात, "तारीख निघाली का गं?" मी "निघतेय" म्हणते.

६. मी स्वखर्चाने नवी काच आणून बदलून देते म्हटले. शासकीय मालमत्तेची अदलाबदल करता येत नाही, असे आपण कळवलेत. मोजायला अर्धा तास मागितला. दालनात बाहेरच्यांना मनाई आहे, असे कळवलेत. एकतीस वर्षांनी मी या इमारतीत बाहेरची झाले. मावशींना "धुऊ नका" म्हणणे माझ्या जिभेवर होते. परंतु त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले आहेत, आणि ताऱ्यासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे मला जमणार नाही. त्यांनी मात्र, "तुम्ही सांगाल तसं करते," एवढेच म्हटले.

७. सबब मी पुढील कबुली देत आहे. प्रमाणपत्रावरील सर्व डाग मी स्वतः, जाणूनबुजून, आपल्याविषयीच्या तिरस्कारापोटी पाडले आहेत. यातील तिरस्काराचा भाग सत्य आहे. मावशींचा काहीही दोष नसल्याने त्यांचा मेमो रद्द व्हावा. माझी विभागीय चौकशी लावावी. चौकशी लागली की सदर काच मुद्देमाल ठरते, आणि आपल्याच नियमानुसार मुद्देमाल लाखबंद करावा लागतो. तो धुता, पुसता वा हाताळता येत नाही. भांडारातील मोडक्या खुर्चीची चौकशी चौदाव्या वर्षात असून तिच्यावरील धूळही कोणी झटकलेली नाही, हे मी समक्ष पाहिले आहे. या कार्यालयाच्या कार्यक्षमतेवर माझा आयुष्यात प्रथमच पूर्ण विश्वास बसला आहे.

८. चौकशी चालू असेतो माझे निवृत्तिवेतन अडकेल, याची मला जाणीव आहे. आरोपीस मुद्देमाल पाहण्याचा हक्क असतो. तो मला एकदा, अर्धा तास, भिंगासह व खिडकीजवळ बजावू द्यावा. त्यानंतरच्या माझ्या जबाबात मी फक्त एक तारीख लिहीन. तो कागद फाइलमधून काढू नये. बारा वर्षांनी वरच्या मजल्यावर जो कोणी असेल, त्याला दुर्बीण केव्हा वळवायची ते कळले पाहिजे.

चौकशी संपेपर्यंत आपली नम्र,

(सही)
काच-अभिलेखपाल
शुक्रवार, दुपारी ४.४०, आवक खिडकी बंद होण्यास वीस मिनिटे बाकी.

सोबत: १) स्वाक्षरित कबुलीजबाब, तीन प्रती.
२) मावशींचा मेमो, रद्द करण्यासाठी परत.
३) लाखेची एक कांडी. भांडारात शिल्लक नसल्याचे समजले.