गुळाचा दोर

८ नोव्हेंबर, शनिवार

बीजनिधी मिळाला! ईमेल उभ्याउभ्याच वाचला, मग बसून वाचला, मग आईला वाचून दाखवला. दिल्लीच्या संस्थेनं परभणीतल्या आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेला दारात उभं केलं याचंच नवल. वर्षभर पैसा देणार. वर्षात काही हाती लागलं तर पुढचा मोठा निधी, नाहीतर गाशा गुंडाळा.

कल्पना माझी आहे. हे इथे लिहून ठेवते, कारण आमच्या लॅबचे प्रमुख, सर, चारचौघांत ‘आमची’ म्हणतात. माकडाला टीबी आहे का ते बघायचं तर आजवर त्याला पकडा, भूल द्या, सुई टोचा. मी म्हणते, काही करू नका. सुती दोर गुळाच्या पाण्यात बुडवा आणि टांगा. माकड येतं, चावतं, चोखतं, कंटाळून सोडून देतं. त्याची लाळ दोरात राहते. ती पिळायची आणि तपासायची. एकही माकड धरायचं नाही — दिल्लीच्या समितीला हेच आवडलं.

आई म्हणाली, माकडाची थुंकी गोळा करायला पैसे देतात होय? आणि देवघरातल्या लिंगापुढे साखर ठेवून आली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाव ठरलं. चारठाण्याच्या अलीकडे. मारुतीचा पार, त्यावर मोठी चिंच, चिंचेवर लाल तोंडाच्या माकडांची टोळी. शनिवारी लोक फुटाणे टाकतात म्हणून ती माणसाला बुजत नाहीत. पण माझ्या दोराला बुजली! दुपारपर्यंत दोर नुसता लोंबकळला. मुंग्या लागल्या. आता दिल्लीला काय तोंड दाखवू, या विचारानं रडकुंडीला आले होते.

समोरच्या घरातल्या कडूबाई बराच वेळ ओसरीतून गंमत बघत होत्या. शाळेत खिचडी शिजवतात, उरलेली माकडांना घालतात. त्या उठून आल्या, दोराचं टोक तोंडात धरलं, कचाकचा चावलं आणि वर बघून म्हणाल्या, "या की गं, मी खायलेय न्हवं?" टोळीतली म्हातारी माकडीण सरळ खाली! तिच्यामागे सगळी. मी हसून हसून बेजार.

२४ नोव्हेंबर

कडूबाईंना कामाला ठेवलं. आता पद्धत बसली. त्या टोक चावतात, माकडं येतात, ती गेली की मी चावलेलं टोक कात्रीनं कापून टाकते आणि बाकीचा दोर बरणीत. टोक कापलं की प्रश्नच मिटला.

समितीला पद्धत लिहून पाठवायची होती. लिहिलं — दोर टांगला जातो. कडूबाईंचं काही लिहिलं नाही. काय लिहू, आमच्याकडे एक बाई आधी चावून दाखवते? दिल्लीकर हसतील.

३ डिसेंबर

लेक बाळंत झाली म्हणून कडूबाई आजच्यापुरत्या झरीला गेल्या. माकडं पारावर बसून एकदा दोराकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग काय — चावला! गूळ, सूत आणि धूळ. एवढी शिकले ते हेच करायला. म्हाताऱ्या माकडिणीनं माझ्या हातातूनच ओढला. गडबडीत कात्री पिशवीतच राहिली. राहू दे, एक दिवसानं काय होतंय.

आईला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आवरेना, हसता हसता खोकल्याची उबळ आली. कापसाच्या गाड्यांमागून रोज गाडी चालवायची म्हणजे हे आलंच.

११ डिसेंबर

खोकला आहेच. आईचा आल्याचा काढा.

१८ डिसेंबर

पॉझिटिव्ह! डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या लाळेत टीबीचा जंतू सापडला! आठवड्याचे सगळे दोर पिळून आम्ही एकच नमुना करतो, तेवढाच खर्च वाचतो. त्यामुळे कोणतं माकड ते कळत नाही, पण टोळीत आहे हे नक्की. सरांनी पेढे मागवले. मी समितीला लगेच कळवलं. तिथल्या बाईंचा फोन आला, फार बोलक्या नाहीत त्या, तरी म्हणाल्या की फेब्रुवारीच्या सादरीकरणात आमचं काम सगळ्यात आधी ठेवतील.

खरं लिहू? आजारी माकडाचं मला वाईट वाटलं नाही. तसा विचारसुद्धा आता, पेढे पचल्यावर आला.

२२ डिसेंबर

गावात गेले. कडूबाई दोर चावताना मधेच थांबून खोकल्या. मी बरणी धरून तशीच उभी.

टोक कापतो, ठीक. पण दोर ओला असतो. दिव्याची वात तेल ओढते तशी लाळ पार वरपर्यंत ओढली जात असणार. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. कापलं की मिटलं, असं मी माझ्या सोयीनं ठरवलं होतं. जंतू माकडाचा नसून कडूबाईंचा असला तर?

खोकला कधीपासून म्हणून विचारलं. म्हणाल्या, चुलीपुढं जल्म गेला मॅडम, धूर जातोय की छातीत.

२३ डिसेंबर

आज जे केलं ते लिहायलाही हात धजत नाही.

गावच्या आशा आरोग्यसेविका धम्मशीलाताई शाळेच्या फाटकात भेटल्या. खिचडीची वेळ, पोरांची रांग, दोघी-तिघी आया, हेडमास्तर. मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्या शहाण्या आवाजात म्हणाले की कडूबाईंची थुंकी तपासून घ्या, टीबी असू शकतो. कडूबाई डाव घेऊन वाढत होत्या. डाव तसाच पातेल्यात राहिला.

धम्मशीलाताईंनी मला बाजूला नेलं. "मॅडम, असं रस्त्यात बोलायचं असतंय का? आमी घरात जाऊन, दार लोटून सांगताव."

मला वाटलं होतं मी कर्तव्य करतेय. आणि समितीला? समितीला अजून एक शब्द कळवलेला नाही. तिथे मात्र ‘खात्री झाल्यावर सांगू.’

२९ डिसेंबर

शाळेनं कडूबाईंचं काम काढलं. रिपोर्ट येईपर्यंत, म्हणे. सून पंकजानं ताट-वाटी वेगळी केली, नातवाला माहेरी नेऊन ठेवलं. मुलगा आश्रुबा ऊसतोडीला गेलेला, तो फोनवर आईशी नीट बोलत नाही. कडूबाईंचं अंथरूण ओसरीत. या थंडीत!

थुंकीचा पहिला नमुना नीट आला नाही, पुन्हा द्यायचाय. मी त्यांच्या ओसरीत गेले आणि — हेही लिहिते — तोंडाला रुमाल बांधून गेले. त्यांनी पाहिलं. सुनेला हाक मारून म्हणाल्या, मॅडमला चहा तुझ्या कपात दे, माझ्यात नको.

५ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. दोर कोण चावतं तेही. ते म्हणाले, त्या बाईचा रिपोर्ट येऊ दे, मग दिल्लीला काय सांगायचं ते ठरवू.

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. मनात हेच होतं की त्यांनी असं काहीतरी म्हणावं.

१४ जानेवारी

संक्रांत. गावात गेले होते. कडूबाईंनी तिळाचे लाडू केले होते, परातभर, दरवर्षी आळीत वाटतात तसे. दारात परात घेऊन बसल्या. बायका जाताना लांबूनच ‘गोड बोला’ म्हणत आणि पुढे जात. पोरं थबकली की आया हाताला धरून ओढायच्या.

मी दोन लाडू घेतले. एक तिथेच खाल्ला. फार मोठं काही केलं असं नाही, लाडूनं टीबी होत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. हेच त्या दिवशी फाटकात उभी राहून सांगितलं असतं तर?

परत निघताना पाहिलं. त्या पारावर उभ्या होत्या आणि उरलेले लाडू माकडांना घालत होत्या.

१९ जानेवारी

कडूबाईंची थुंकी निगेटिव्ह! छातीचा फोटोही स्वच्छ. साधा धुराचा खोकला.

गाडीवर बसून निघाले होते, अर्ध्या रस्त्यात दुसरा विचार आला — म्हणजे जंतू माकडाचाच. म्हणजे आमचं काम खरं ठरलं! आणि मला आनंद झाला. त्या बाईच्या सुटकेचा आधी की याचा आधी, हे मी नाही सांगू शकत. लाज वाटते.

हेडमास्तरांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, आता दुसरी बाई लागली ना मॅडम, तिला कसं काढायचं? नातू अजून आजोळीच.

प्रत्येक दोराची थोडी लाळ वेगळी गोठवून ठेवलेली आहे. दिल्लीच्या बाई म्हणतात, त्या आठवड्याचे दोर एकेक करून तपासा, म्हणजे नेमकं कळेल. पाठवले.

२७ जानेवारी

बाकी सगळे दोर स्वच्छ. एकच पॉझिटिव्ह. ३ डिसेंबरचा.

तारीख वाचली आणि तोंडात चव आली. गूळ, सूत, धूळ.

कडूबाई त्या दिवशी गावातच नव्हत्या. आणि माझा खोकला — कापसाचा, थंडीचा, काढा पिऊन न गेलेला! रात्रीचा घाम, सैल झालेले ड्रेस. दुसऱ्याची थुंकी तपासा म्हणून फाटकात ओरडणारी मी जनावरांची डॉक्टर, मला माझा खोकला ऐकू आला नाही. कडूबाईंचा मात्र एकदाच ऐकला आणि खात्री पटली. का पटली? त्या चुलीपुढे बसतात म्हणून. मी लॅबमध्ये बसते म्हणून. दुसरं काही कारण नाही.

दुपारी जाऊन थुंकी देऊन आले.

३० जानेवारी

पॉझिटिव्ह. गोळ्या सुरू. उद्या आईची तपासणी. ती माझ्या ताटावर ताट झाकत बसते.

समितीला मीच लिहिलं, सगळं, चावण्यासकट. सादरीकरणातून नाव काढून घेतलं. पुढचा निधी गेला. त्याचं दुःख आहे, नाही कसं म्हणू. पण आज त्याहून अवघड काम दुसरं होतं.

कडूबाईंच्या अंगणात, लांब, मास्क लावून उभी राहिले आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, जेवण जातंय का तुमाला? मी मान हलवली. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "हे गावात बोलू नगा. माझं नाव तर खराब झालंच हाय, माझ्याच नावावर ऱ्हाऊ द्या. तुमचं लग्न व्हायचंय."

मी हो म्हणाले नाही. पण नाही म्हणायलाही मला किती वेळ लागला! तेवढ्या वेळात त्यांनी अंगणातली बाज माझ्याकडे सरकवली होती.

३१ जानेवारी, शनिवार

सांगितलं. पारावर आरतीला माणसं जमली होती. चिंचेखाली, सगळ्यांपासून लांब उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले — कडूबाईंना टीबी नाही, कधीच नव्हता. मला आहे. चूक माझी. पंकजा मागे उभी होती, तिनं ऐकलं. हेडमास्तरांनी ऐकलं.

घरी येताना छाती हलकी वाटली. कितीतरी दिवसांनी झोप येईल असं वाटतंय.

५ फेब्रुवारी

धम्मशीलाताईंचा फोन. कडूबाईंचा नातू अजून आणला नाही, ताट अजून वेगळंच. मी म्हणाले, अहो, मी सगळ्यांसमोर सांगितलं ना, मला आहे म्हणून!

"तेच की, मॅडम. गाव म्हणायलंय, मॅडमला कडूबाईचाच लागला."