श्वासाची दीड मात्रा

प्रिय नाना,

काल धुळ्याला तुमच्या शाळेच्या पटांगणात 'पाटचारी' वाजली. लोक खुर्च्यांवर बसून ऐकत होते. वरात नव्हती, कुणी नाचलं नाही. आयुष्यभर तुम्हाला हेच हवं होतं ना? तुम्हाला जाऊन वर्ष झालं आणि मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुमच्या त्या रचनेत मी एक चूक केली आहे. ती दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगायला हवी.

लग्नसराईत तुमचा बॅण्ड, उरलेलं वर्ष शाळेतल्या मुलांना बॅण्ड शिकवणं, असे तुमचे दिवस गेले. पोटासाठी सिनेमाची गाणी वाजवलीत आणि स्वतःच्या चौदा रचना केल्यात. त्या कुणीच मागितल्या नाहीत. नशिराबादच्या एका लग्नात तुम्ही वरातीत मध्येच 'पाटचारी' सुरू केलीत, तेव्हा नवरदेवाचा मामा ओरडला होता, "ओ मास्तर, लग्नाला आलात की मयताला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि लगेच नाचाचं गाणं धरलंत. मी नववीत होते. मला त्या मामाचा नाही, तुमचा राग आला होता. का हसलात?

पूर्ण रचना तुम्ही एका कागदावर कधीच लिहिली नाहीत. ज्याचे सूर त्याच्या वहीत, तुमच्या अक्षरात, सारेगममध्ये. सात वादक, सात वह्या. शाळेने कार्यक्रम ठरवला तेव्हा मी त्या सातही गोळा केल्या.

मी जळगावात ठिबकचे आराखडे करते, हे तुम्हाला माहीत आहे. कुठल्या नळीत दाब कमी पडणार ते मला कागदावर दिसतं. तुमच्या वह्या संगणकावर एकाखाली एक मांडल्या, तेव्हाही तसंच दिसलं. युफोनियमची, म्हणजे त्या मोठ्या खर्जाच्या पितळी वाद्याची ओळ, वरचे सूर आले की तुटत होती. नऊ ठिकाणी. आणि क्लॅरिनेटच्या दुसऱ्या ओळीनंतर दीड मात्रा सगळेच गप्प. आठ मात्रांच्या चालीत ती दीड मात्रा कुठेच बसेना. मी ती काढून टाकली. युफोनियमचे नऊही तुकडे जोडले. छापलेली पानं फार नीटनेटकी दिसत होती. मुलांनी ती तीन आठवड्यांत पाठ केली.

गुरुवारी चिंधूभाऊ तालमीला आले. तुमच्याबरोबर तीस वर्षं युफोनियम वाजवलेला माणूस, त्यांच्याशिवाय कार्यक्रम कसा करणार? तिसऱ्या ओळीपर्यंत वाजवून ते थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं.

"हाई कोनी लिखं?"

"मीच, भाऊ. जुन्या वहीत चुका होत्या."

"चुका!" ते तोंड उघडून माझ्यापुढे वाकले. "देख. मना पुढला दात कवयच पडी ग्यात. वरना सूर माले लागतस नही. तुना बापनी मना तोंड देखीसन लिखेल व्हतं."

"आणि ही दीड मात्रा? ती कशासाठी होती?"

"तठे करीम दम लेये."

करीमचाचांचा दमा मला माहीत होता. क्लॅरिनेट वाजवताना मान लाल व्हायची, तीही पाहिली होती. पण त्या दीड मात्रेत सगळा बॅण्ड एका माणसाच्या श्वासासाठी थांबायचा, हे मला कधी ऐकूच आलं नाही. चाचा तुमच्या आधीच गेले. त्यांचा तो श्वास तेवढा वहीत उरला होता. मी तो जास्तीचा म्हणून पुसला.

शनिवारच्या आत पानं बदलता आली नसती. मुलं गोंधळली असती, हे खरं आहे. मी बदलायचा प्रयत्नही केला नाही, हेही खरं आहे.

चिंधूभाऊंनी वाद्य पेटीत ठेवलं. काल ते पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसले होते. त्यांची ओळ आठवीतल्या एका मुलीने न चुकता वाजवली. टाळ्या बऱ्याच झाल्या. मग भाऊ माझ्याजवळ आले.

"बठ्ठं बराबर वाजनं, पोरी. पन त्याम्हा नाना नही."



नाना, समासात एक ओळ लिहिली असती तर? 'इथे करीम श्वास घेतो.' चार शब्द! की तुम्हाला वाटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल? मला कळलं नाही. मी तुमचीच मुलगी, सहा वर्षं तुमच्याकडेच क्लॅरिनेट शिकले, तरी कळलं नाही.

काल परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या पुढे एक गोष्ट आठवली. बारावीत मी तुम्हाला म्हणाले होते, सगळ्यांसाठी लिहिता, माझ्यासाठी एक ओळ लिहा ना. तुम्ही म्हणालात, "तू कुठं अडतेस ते मला कधी दाखवलंच नाहीस. तुझ्यासाठी लिहू काय?" तेव्हा मी दार लावून सराव करायचे आणि बिनचूक आल्याशिवाय तुमच्यापुढे वाजवायचे नाही. तुमचं ते बोलणं मी कौतुक समजले. दहा वर्षं समजत राहिले. ते तुम्ही किती दुःखाने म्हणाला होतात, हे विचारायला आता कुणाकडे जाऊ?

पुढच्या रविवारी पुन्हा धुळ्याला जाणार आहे. दीड मात्रा जागेवर ठेवणं सोपं आहे, ती मी ठेवीन. चिंधूभाऊंचं अवघड आहे. त्यांचे आणखी दोन दात गेले आहेत. तुमच्या वहीतली जुनी ओळही त्यांना आता झेपत नाही. ती जशीच्या तशी जपली तरी त्यांना वाजवता येणार नाही. त्यांच्यासमोर बसून, कुठला सूर अजून लागतो ते ऐकत, नवी ओळ लिहावी लागेल. तुम्ही असता तर एका दुपारी लिहिली असती. मला किती दिवस लागतील, सांगता येत नाही. जमेल की नाही, तेही नाही.

पण त्यांना अडखळायला लावून मी कोरडी बसणार नाही. माझा क्लॅरिनेट सोबत नेते आहे. दहा वर्षांत फुंकलेला नाही, पहिला सूर फाटकाच निघेल. तो त्यांच्या देखत निघू देईन, नाना. हा माझा शब्द.

तुमची,
प्राची