माझ्या पेशी, तुझी हाडं

आई, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. पण आठवतो तो लहानपणीचा दिवस: मी सातवीत होते, शाळा सुटल्यावर कुणाला न सांगता धाम नदीच्या पात्रात गेले होते. पवनारच्या घरात तू पोळ्या करते आहेस. गॅसवरचं तापलेलं उलथनं उचलतेस आणि माझ्या दंडावर टेकवतेस. कातडी चर्र वाजते. ‘काऊन बोंबलून राह्यली? चूप!’ म्हणतेस आणि उरलेल्या पोळ्या लाटतेस. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गावर गणित शिकवायला तूच. अठराव्या वर्षी मी घर सोडलं ते अकरा वर्षं फिरकले नाही.

मग बाबांचा फोन आला. ‘तुझ्या आईले रक्ताचा कॅन्सर झाला. तू येजो, बेटा.’ मी एकुलती एक, रक्त तयार करणाऱ्या माझ्याच मूळपेशी चालणार होत्या. नागपूरच्या दवाखान्यात औषधांनी तुझ्या हाडांतली मज्जा आधी मारून टाकली. मला सुया दिल्या, कंबर रात्रंदिवस ठणकायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मूळपेशीवर रिसेप्टर असतो, म्हणजे संदेश टिपणारी जागा. हाडातून एक रसायन निघतं, त्याचा संदेश मिळतो म्हणून ती पेशी तिथे धरून राहते. सुयांनी ती पकड सैल केली की पेशी रक्तात उतरतात. तिथून गोळा करून आईच्या शिरेत सोडल्या की त्याच संदेशाच्या मागावर हाडात जाऊन रुजतात.’

‘नाही रुजल्या तर?’

‘तर आई वाचणार नाही.’

माझ्या पेशींची पिशवी लावली तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस.

पेशी रुजल्या. अडीच आठवड्यांनी तुझ्या रक्ताचे आकडे चढले, बाबा नर्सबाईंसमोर रडले. पण मूळपेशींसोबत माझ्या लढाऊ पेशीही आल्या होत्या, आणि त्यांनी तुझं शरीर परकं ठरवलं. आतडी सोलली, रक्ताचे जुलाब लागले, तळहातांची साल निघाली. मी मलम लावत होते तर तू त्याच सोललेल्या हातानं माझ्या थोबाडीत मारलीस. ‘आतून मारून राह्यली तू मले!’ माझ्या गालावर तुझं रक्त. मी तुझा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. बाबा दारात उभे होते. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोरीनं आईचा हात सोडला नाई. मी गप्प बसते. हा कागदही फाडून टाकीन. पण तो हात मी दाबला होता, आई. तू किंचाळलीस, तरी दाबतच राहिले.