तोंडपाठ

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडला तर कुणी धावायचं नाही, तो आपला आपण उठेल, असं पिटुकचे बाबा एकदा म्हणाले होते. पिटुक तेव्हा नुकता चालायला लागला होता आणि उंबऱ्याला अडखळून पालथा पडला होता. मी हातातलं भांडं टाकून निघाले, तर यांनी माझं मनगट धरून ठेवलं. पिटुकने आमच्याकडे पाहिलं, रडावं की नाही याचा नीट विचार केला आणि उठला. हे गेले त्याला इतकी वर्षं झाली की यांचा आवाजही आता मला धड आठवत नाही, पण तेवढं वाक्य आठवतं. शनिवारी टीव्हीपुढे बसले होते तेव्हा सारखं आठवत होतं.

तुमचा क्लब वरच्या लीगमध्ये पोचला याचं इथे सगळ्यांना कौतुक. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना फुटबॉल गोल की चौकोनी ते माहीत नव्हतं, तेही आता मधल्या सुट्टीत गुणतक्ता समजावून सांगतात. पण ताई, वरच्या लीगमधले ते पुढे खेळणारे किती धिप्पाड आहेत गं! गोलसमोर उभं राहून येईल तो चेंडू डोक्यानं परतवायचा हे आपल्या पिटुकचं काम, आणि हे लोक त्याच्या अंगावर कपाट लोटल्यासारखे येतात. शनिवारी तो पडला आणि पडूनच राहिला. मी खुर्चीची कड घट्ट धरली. मग उठला. फोनवर म्हणतो कसा, की काही नाही गं, जरा पाठ टेकली.

तुला फोनवर ऐकू आलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. क्लबच्या त्या धुलाई मशीनच्या घरघरीनं तुझे कान खाल्ले आणि मला लिहायला माणूस मिळालं. संध्याकाळी तो तुझ्याकडे जेवायला येतो तेव्हा त्याला खुर्चीत बसवून जेवू घाल. उभ्याउभ्या ताट संपवतो तो, लहानपणापासून.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


११ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चहाबरोबर वाचायला घेतलं आणि चहा गार झाला. शाळेतल्या बाईंना थोडक्यात लिहिता येत नाही हे मी लिहून ठेवलेलं आहे.

इथे धुलाईखोलीत चिखलाचे दिवस सुरू झाले. हरलेल्या सामन्याचे कपडे जास्त मळतात असं माझं मत. क्लबचा मालिशवाला म्हणतो की मळ तेवढाच असतो, माझा हात जड होतो. सध्या जडच आहे. आपण गुणतक्त्यात तळाशी आहोत, आणि मोसम संपताना तळाच्या संघांना पुन्हा खालच्या लीगमध्ये जावं लागतं. त्यामुळे सगळे एकमेकांशी जपून बोलतात, घरात आजारी माणूस असल्यासारखे.

तुला एक सांगायचं होतं. प्रत्येक खेळाडूची एक जाळीची पिशवी असते, तिला त्याच्या नंबरचा बिल्ला. मळके कपडे त्यात कोंबायचे, तोंड बांधायचं, मी पिशवीसकट मशीनमध्ये टाकते. पिटुक मिसरूड फुटायच्या आधीपासून इथे आहे, त्याची पिशवी कधी चुकली नाही. मागच्या शनिवारी कॉर्नरच्या वेळी त्याचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आदळलं ते तू पाहिलंसच. तो तसाच शेवटपर्यंत खेळला. नंतर त्याचे मोजे, शर्ट, सगळं गोलकीपरच्या पिशवीत निघालं. मी चेष्टेनं विचारलं की बढती मिळाली का रे. तोही हसला. पण सरावानंतर पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या टॉवेलला ओकारीचा वास होता. मग मी हसले नाही. मालिशवाल्याला सांगितलं, त्याने डॉक्टरांच्या कानावर घातलं.

डॉक्टरांनी त्याला बसवून ठेवलंय. ते त्याला बोलावतात, काही शब्द ऐकवतात, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात आणि मग तेच शब्द परत विचारतात. त्याला सगळे आले नाहीत. सगळे आले की खेळायला परवानगी. पिटुक इतका फुरंगटलाय की माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतो. मला त्याची दया येते आणि मनातून बरंही वाटतं. निदान बसून जेवतो.

तू काळजी करू नकोस. करशीलच, पण माझ्या वाटची तरी करू नकोस.

तुझी,
ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी तुला आधीच कळली असेल, तरी माझ्या हातून पुन्हा घे. पिटुक पास झाला!

त्याचं काय झालं, त्याने मला रडकुंडीला येऊन फोन केला. म्हणाला की शब्द डोक्यात थांबतच नाहीत, गळून जातात. मी म्हटलं, अरे, तू माझा मुलगा ना? तिसरीच्या वर्गाला मी दरवर्षी काय शिकवते? शब्द सुटे ठेवले की पळतात, त्यांची गोष्ट करायची. मग आम्ही रोज फोनवर बसलो. मी कुठलेही शब्द द्यायचे, छत्री, विहीर, घोडा, शिडी, कंदील, सुई, आणि त्याने त्यांचं चित्र करायचं. त्याने केलं की घोडा छत्री घेऊन विहिरीत पडला, त्याला शिडी सोडली, तर वर यायचं सोडून तो कंदिलाच्या उजेडात सुई शोधत बसला. मी इतकी हसले की शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या. पहिल्या दिवशी फार अडखळला, एकेक शब्दाला घाम फुटत होता. पण माझी पोरं मी सोडत नाही. शेवटी शेवटी मी म्हणेन ते धडाधड म्हणून दाखवायला लागला.

डॉक्टरांनी म्हणे पाठ थोपटली. रविवारी खेळणार आहे.

तू म्हणशील की आई झाली तरी शाळेतला बाईपणा जात नाही. नाहीच जात. कितीतरी वर्षांनी त्याचा अभ्यास घेतला गं. फोनवर तेवढा वेळ तो मोठा खेळाडू नव्हता, मी एकटी नव्हते, आणि दिवा लावून आम्ही दोघं समोरासमोर बसलो आहोत असं वाटत होतं.

उत्तराची वाट बघते. विसरू नकोस मला.

तुझी,
धाकटी


९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी मालिशवाल्याकडे गेले. त्याच्या ओठांवरून मला सगळं कळत नाही, म्हणून म्हटलं की लिहून दे. त्याने जे लिहून दिलं ते तुला माझ्या शब्दांत सांगते.

ते शब्द पाठ करण्यासाठी नसतात. माणसाचं डोकं आतून दुखावलं असेल तर शब्द टिकत नाहीत, आणि बरं झालं की आपोआप टिकतात. डॉक्टर पिटुकचा अभ्यास घेत नव्हते, जखम भरली का ते बघत होते. जखम उघडीच होती. तू वरून इतका सुंदर गिलावा केलास की त्यांना भेग दिसेना.

मी तुला बोल लावत नाही. तुझ्याजागी दुसरी कुणी असती तर तिला हे सुचलंच नसतं, आणि सुचलं तरी साधलं नसतं. पण रविवारी तो खेळला, मी मैदानात उतरायच्या बोगद्याच्या तोंडाशी उभी होते, आणि दर वेळी चेंडू वर गेला की मी डोळे मिटत होते. सामना संपल्यावर तो माझ्याजवळून गेला तो हात भिंतीला लावत लावत गेला.

आता तूच डॉक्टरांना फोन कर. मी बोलू शकते पण त्यांनी उलट काय विचारलं ते मला कळायचं नाही, आणि तेवढ्यात पिटुक मला गोड बोलून बाहेर काढेल. तू त्याची आई आहेस. झालं ते सगळं सांग.

लवकर कर.

तुझी,
ताई


१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला. काही लपवलं नाही. घोड्याची गोष्टसुद्धा सांगितली. डॉक्टर चांगले आहेत, चिडले नाहीत. म्हणाले की पुन्हा चाचणी घेतो, अगदी नवे शब्द देतो.

घेतली. पिटुकला सगळे शब्द आले. संपूर्ण संघात त्याच्याइतके कुणालाच येत नाहीत, असं डॉक्टर मला मोठ्या कौतुकाने सांगत होते. युक्ती कुठल्याही शब्दांना चालते गं. मी ती त्यासाठीच शिकवते.

मग मी पिटुकशी बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की आई, तू मला पास करायला निघाली होतीस की नापास करायला. नंतर फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

तुझ्याकडे जेवायला येतो ना? मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझी,
धाकटी


२७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

निरोप मिळाला असेल, टीव्हीवर पाहिलंही असशील. पाहिलं नसशील तर बरं. चेंडू उंच आला, पिटुक उडाला, आणि पलीकडच्याचं कोपर त्याच्या कानाच्या वर बसलं. या वेळी तो उठला नाही. स्ट्रेचर आणलं. मला आवाज ऐकू येत नाहीत हे तुला माहीत आहे, पण सगळं मैदान गप्प झालं ते मला पायांतून कळलं.

दवाखान्यातून त्याला माझ्याकडे आणलंय, मागच्या खोलीत. पडदे ओढून ठेवते, कारण उजेड त्याला टोचतो. वर्तमानपत्र दिलं तर म्हणतो अक्षरं पाण्यात आहेत. पण वेदनेपेक्षा मला दुसरंच बघवत नाही. तो विचारतो की सामना कुणी जिंकला. मी सांगते की आपण. त्याचा चेहरा इतका फुलतो की बघत राहावं. मग जरा वेळाने तो पुन्हा विचारतो, मी पुन्हा सांगते, आणि तो पुन्हा तितकाच फुलतो. इतका आनंद मी कुणाला इतक्या वेळा दिला नव्हता. मोरीत जाऊन नळ सोडते आणि रडते, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये. आवाज किती होतो ते मला कळत नाही ना.

मालिशवाला रोज येऊन जातो. प्रशिक्षकही आले, फुलं घेऊन. दाराशी निघताना त्यांनी मला विचारलं की शेवटच्या सामन्यापर्यंत उभा राहील का. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरं असण्याचा कधीतरी उपयोग व्हावा.

काल दाराच्या काचेतून आत पाहिलं. पिटुक अर्धवट अंधारात बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं वडिलांना आठवतोय. मग ओठ वाचले. छत्री, विहीर, घोडा. चुकला की कपाळावर मूठ मारायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

तू ये. शाळा राहू दे.

तुझी,
ताई


९ मे

चि. पिटुकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मावशी तुला वाचून दाखवेल. तिला हळू वाचायला सांग. तिला वाटतं ती कुजबुजते आहे आणि ऐकू जातं शेजारपाजारच्या सगळ्यांना.

मी तिथे होते तेव्हा पुन्हा खेळण्याचा विषय काढला की तू कूस बदलायचास. मी परत निघाले तेव्हा तू दारापर्यंत चालत आलास, ते मला दाखवण्यासाठी आलास हेही कळलं. चांगलं चाललास. फक्त निरोप देताना तू माझ्याकडे न बघता माझ्या शेजारी बघत होतास.

शेवटचा सामना हरलात तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार, हे मला कळतं. तुझ्या जागी उभं राहील असं दुसरं कुणी नाही, असं प्रशिक्षक म्हणतात हेही माहीत आहे. तुझ्या नावाचा गजर होतो तेव्हा तुझ्या छातीत काय होतं ते मला विचारू नकोस. माझ्याही होतं, इथे, खुर्चीत बसून.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आणखी एक मार बसला तर पुढचं काही त्या सांगू शकणार नाहीत. मी म्हटलं की मग यंत्रात बघा ना, दिसेल. त्या म्हणाल्या की यंत्रात सगळं दिसत नाही. उजेड टोचतो का, अक्षरं हलतात का, हे ज्याचं त्यानेच सांगायचं असतं. क्लबचे डॉक्टरही मला तेच म्हणाले, की तुमचा मुलगा ठीक आहे म्हणाला आणि शब्द सगळे आले, तर मी त्याला कशाच्या आधारावर थांबवू. म्हणजे आता माझ्या, मावशीच्या, कुणाच्याच हातात काही नाही. तुझ्या तोंडून जे येईल तेच खरं धरणार.

बाळा, इतकी वर्षं शिकवते आहे, एकाही मुलाला मी शिकवलेलं विसर म्हणून सांगितलं नाही. तुला भूगोलात कमी गुण पडले होते तेव्हा मी रात्रभर... नाही, खोटं कशाला, मी फक्त जेवले नव्हते, आणि तूच ताट घेऊन मला भरवायला आला होतास. पुढच्या वेळी सगळ्यात जास्त आणीन असं म्हणाला होतास आणि आणलेसही. तू मला कधी निराश केलं नाहीस. मला आता त्याचीच भीती वाटते.

गुरुवारी डॉक्टर शब्द सांगतील तेव्हा त्यांची गोष्ट करू नकोस. सुटेच राहू दे त्यांना. राहतील ते राहतील, जातील ते जाऊ देत. डोकं दुखतं का विचारलं तर दुखतं म्हण.

तू ऐकणार नाहीस. हे वाचून होईपर्यंत तुझी मान नकारार्थी हलली असेल, मावशीला ती दिसली असेल, आणि मला कळवायचं की नाही या विचारात ती पडली असेल. तरीही मागते. गुरुवारी नापास हो.

तुझी,
आई