कितव्यांदाचं ‘नाही’ खरं?

अकोला,
रविवार, दुपार

ती. रुख्मिणीताईंना वर्षालीचा वाकून नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला वेगळा. तो कसा आहे? मी दिलेल्या गोळ्या तुम्ही घेत नाही हे मला ठाऊक आहे (तुमच्या वलगावची बातमी अकोल्याला पोचायला गोळी विरघळण्याइतकाही वेळ लागत नाही), तरी विचारणं माझं काम. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे तुमचे बंधुराज उन्हाला नावं ठेवत का होईना, पण सुखरूप आहेत.

पत्र अशासाठी की मला धक्का बसला आहे. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण तुम्ही मध्येच “जेवली का वो वर्षाली?” म्हणता आणि माझा विषय तिथेच संपतो. पुण्यातली नोकरी सोडून इथल्या मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, सासरचाच मुलूख आहे, आता काय नवीन कळायचं? ताई, मला काहीही कळलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं तुमच्या घरची सून असून नव्हतं!

झालं असं. आमच्याकडे एमबीबीएस झालेली मुलं पुढे तीन वर्षं एमडीचं शिकतात. सगळी प्रवेशपरीक्षेत सारख्याच मार्कांनी आलेली. पण शेवटच्या परीक्षेत पुण्या-मुंबईकडची पटापट पास होतात आणि इथली, वऱ्हाडातली, मागे पडतात. ही तफावत कमी करा असा वरून आदेश आला, समिती नेमली गेली आणि तिच्या डोक्यावर मला बसवलं. मला खरी काळजी होती दोघांची. एक मूर्तिजापूरकडचा गोपाल आणि दुसरी इथलीच, अकोल्याची अमरीन. वॉर्डात ही दोघं असली की मी निर्धास्त घरी जायची. आणि परीक्षेत दोघंही नापास! गोपालच्या घरी निकालाआधीच पेढे वाटून झाले होते (तुमच्याकडे ही घाई का असते हे एकदा समजावून सांगा). सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती, आणि तेव्हाही नापास झालो तर हे सगळं सोडून गावात दवाखाना टाकतो म्हणून बसला.

समितीने काय काय केलं ते सांगत नाही, लाज वाटते. एकाने सांगितलं, इंग्रजी कच्चं. तपासलं, तर पक्कं. दुसऱ्याने सांगितलं, आत्मविश्वास नाही. मग आम्ही पुण्याहून व्यक्तिमत्त्व विकासाचे एक सर बोलावले. त्यांनी या पोरांना आरशासमोर उभं करून हसायला लावलं. गोपालने त्यांना अत्यंत शांतपणे विचारलं, “सर, पेशंट मरणाच्या दारात हाये अन् मी हसून राहिलो, तं त्याचे नातेवाईक मले जित्ता सोडतीन का?” सर संध्याकाळच्याच गाडीने परत गेले.

मग ईद आली आणि अमरीनच्या आईने, नसीमबानोंनी, मला घरी बोलावलं. मी गेले. शीरखुर्मा झाला, अमरीनने आणखी वाढू का असं विचारलं, मी नाही म्हटलं. नाही म्हणजे नाही, ताई! पोट भरलं होतं, साखरही माझी काठावर आहे. तर आतून नसीमबानोंचा आवाज, “अमरीन, मॅडम ने ना बोला क्या?” आणि माझी विद्यार्थिनी, जी माझ्यापुढे मान वर करत नाही, ती स्वच्छ आवाजात म्हणते, “अम्मी, एकीच बार बोले हैं.” “तो फिर डालो ना!” आणि वाटी भरली.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. कारण माझ्या डोळ्यांपुढे माझीच केबिन आली. रोज राउंड झाला की मी चहा मागवते आणि दारातल्या मुलांना विचारते, चहा घेणार का? पुण्याचा ललित ‘का’ ऐकायच्या आत खुर्चीत बसलेला असतो. गोपाल आणि अमरीन म्हणतात, “नाई मॅडम, राहू द्या.” मी म्हणते बरं. दार बंद. आणि ताई, खरं शिकणं त्या चहावर चालतं हो! परीक्षक काय विचारतात, कुठे अडवतात, कोणती केस हमखास ठेवतात, सगळं बशीत बिस्किट बुडवता बुडवता निघतं. तीन वर्षं ललितने ते बिस्किटासकट खाल्लं आणि ही दोघं बाहेर उभी राहून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती. आणि आम्ही त्यांच्या मूल्यमापनात लिहीत होतो, ‘चर्चेत रस नाही’! तुम्ही पानात बळेबळे वाढता तो मला तुमचा स्वभाव वाटायचा. तो अख्ख्या प्रांताचा कायदा आहे हे मला कोणी सांगितलंच नाही (तुमच्या बंधुराजांनीही नाही. त्यांना आत्ता विचारलं तर म्हणतात, यात काय सांगायचं?).

दुसऱ्या दिवशी गोपालला समोर बसवून परीक्षेत नक्की काय झालं ते विचारलं. धापेचा पेशंट होता. याने हृदयाची झडप अरुंद झाल्याचं अचूक ओळखलं. परीक्षक म्हणाले, “एनीथिंग एल्स?” हा म्हणाला, “नो सर.” शब्द इंग्रजी, वळण मूर्तिजापूरचं! अडखळणारी नाडी, वाढलेलं यकृत, पायांची सूज, सगळं याच्या पोटात तयार होतं, फक्त पुन्हा विचारायला हवं होतं. परीक्षकांनी ‘ज्ञान अपुरे’ म्हणून पुढच्याला बोलावलं. मी ओरडलेच, अरे, मग सांगितलं का नाहीस? तर हा म्हणतो, “एकदाच इचारलं न मॅडम. लगेच सांगत सुटलो तं हपापल्यावानी दिसते.” ताई, मला रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं.

समितीने लगेच ठराव केला, सराव परीक्षेत प्रत्येकाला दोनदा विचारायचं. गोपाल आणि अमरीन असे काही बोलायला लागले की थांबवताना आमची पुरेवाट. पण ललित! तो आधीच पास झालेला, नमुना म्हणून सरावाला बसवला होता. त्याने क्षयरोग बरोब्बर ओळखला होता. आम्ही दुसऱ्यांदा “आणखी काही?” म्हटलं आणि त्याचा चेहराच उतरला. पुण्याकडे दुसऱ्यांदा विचारतात ते उत्तर चुकलं तरच. त्याने क्षयरोग मागे घेतला, कर्करोग दिला, तोही मागे घेतला आणि शेवटी माफी मागितली. तफावत मिटवायला निघालेल्या बाईने ती उलटी करून ठेवली!

शेवटी दोनच गोष्टी ठरवल्या. सगळ्यांना आधीच सांगायचं, की परीक्षक एकदाच विचारतील, तेव्हाच सगळं बोला, त्यात हावरेपणा नाही. आणि चहाचं विचारायचंच नाही, कप सरळ हातात द्यायचा. पहिल्या दिवशी गोपालने तो कप असा धरला होता की मला त्याची नाडी बघावीशी वाटली. आठवड्याभरात तो बिस्किटं मोजून घ्यायला लागला.

परवा पुन्हा परीक्षा झाली. मी शेजारीच, पण एक अक्षर बोलायची सोय नाही. बाहेरून आलेले परीक्षक कोरडे गृहस्थ. गोपालचं पेशंटबद्दल सांगून झालं, तसे चष्मा काढून म्हणाले, “एनीथिंग एल्स?” गोपाल म्हणाला, “नो स...” तो थांबला. मग म्हणाला, “येस सर.” आणि त्यानंतर तो जो सुटला, त्या गृहस्थांना दोन्ही हात वर करून पुरे, पुरे म्हणावं लागलं. पास झाला, ताई! अमरीनही झाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गोळ्या घ्या.

तुमची,
वर्षाली

ता. क. पत्राचं खरं कारण वर राहूनच गेलं. आमच्या विभागात शिकवायची एक जागा आहे. मला गोपाल हवा आहे. त्याला विचारलं, “नाई मॅडम.” मी आता शहाणी झाले आहे, म्हणून पुन्हा विचारलं, “कायले उगीच.” तिसऱ्यांदा विचारलं, तर “पाहू ना मॅडम.” ताई, तुमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे काय? ललित तयारच बसला आहे आणि नाव आजच द्यायचं आहे. पत्र पोचायच्या आधी फोन करते, तेव्हा जेवणाचं विचारू नका, हे सांगा.

ता. क. २. तुमचा फोन लागला नाही. तीनदा नाही म्हणजे नाहीच असं धरून ललितचं नाव कळवून टाकलं. आत्ता गोपाल इस्त्रीचा शर्ट घालून दारात आला. “मॅडम, मंग मी कवापासून येऊ?” मी म्हटलं, अरे, तू तीनदा नाही म्हणालास! तर म्हणतो, “तीन-तीन खेपा इचारलं न तुमी. मले वाटलं, पक्कंच झालं.”

ता. क. ३. आणखी एक जागा मिळेल का म्हणून डीनसाहेबांना फोन केला. ते मूळ दर्यापूरचे, म्हणजे पक्के वऱ्हाडी. म्हणाले, “नाई वो मॅडम, जागाच नाई.” मी बरं म्हणून फोन ठेवला. आता आठवतंय, ‘नाई’ म्हणून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नव्हता. ते थांबले होते. मी पुन्हा लावते आहे.