यादीत नसलेले

२ फेब्रुवारी, सोमवार
झालं एकदाचं कोष्टक! तीस कंपन्या, वीस वर्षं. आजच्या मोठ्या कंपन्यांच्या यादीतून मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. ज्याने त्याने आपल्या कंपनीचा वीस वर्षांपूर्वीचा भाव शोधला आणि बोनस, लाभांश सगळं धरून हिशेब केला – तेव्हाच्या शंभराचे आज किती? सरासरी अकराशे! बँकेत ठेव ठेवली असती तर चारशेसुद्धा नाही. मुलं खूश. मोठ्या कागदावर लिहून फळ्याशेजारी लावलं.

संध्याकाळी ह्यांनी त्याचा फोटो मागून घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शिकवण्यात ह्यांना रस वाटला तो आज.

३ फेब्रुवारी, मंगळवार
रस कशाचा ते कळलं. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची म्हणतात! ऑफिसने योजना काढलीय, अर्ज सोळा तारखेपर्यंत. जी रक्कम मिळेल ती सगळी शेअर्समध्ये. "तुझंच कोष्टक सांगतंय, अगं. मी कुठे काय म्हणतोय?"

निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. घराचे हप्ते आहेत, मुलीचं शिक्षण संपायचंय. मी म्हटलं, तुमचे जुने साहेब बघा, वरच्या मजल्यावरचे काका बघा – साठीपर्यंत टिकले, आता कसे मजेत फिरतायत! विचार करू, म्हटलं. म्हणजे नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात ते त्यांना कळतं. तरी शर्टाला इस्त्री करताना शीळ घालत होते. किती दिवसांनी!

५ फेब्रुवारी, गुरुवार
पण-मॅडमने घात केला. शेवटच्या बाकावरची ही मुलगी, हिचं प्रत्येक वाक्य 'पण मॅडम'नेच सुरू होतं, म्हणून वर्गाने नाव ठेवलंय. आज उभी राहिली – "पण मॅडम, ही यादी आजचीच ना? मग मधल्या मधे ज्या बुडाल्या त्या कुठंयत?"

वर्ग हसला. मीही हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं.

खरंच की! आज जिवंत आहेत त्यांच्याच चिठ्ठ्या केल्या, तर सगळ्या जिवंतच निघणार. बक्षीस समारंभाला जायचं आणि म्हणायचं, या शाळेत कुणी नापास होतच नाही! इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये? फार लाज वाटली. राग आला तो स्वतःचा. बरं, थोडा तिचाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
ह्यांना सांगायचं धाडस झालं नाही. शीळ चालूच आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार
ग्रंथालयाच्या माळ्यावरून वीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढवला. ग्रंथपाल म्हणाले, "धूळ फुकट, पान फाटलं तर दंड." शेअरबाजाराचं पान उघडून मुलांनी डोळे मिटून पेन्सिल टेकवली. जी आली ती कंपनी. मग शोधाशोध. दर थोड्या वेळाने कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, माझी गेली!" मुलांना मजा वाटत होती. मला बसवेना. तासभर नुसती बाकांमधून येरझाऱ्या घालत होते.

लिफ्ट बंदच आहे. बाजारातून येताना हे दुसऱ्या मजल्यावर थांबले, वाकले. म्हणे बुटाची नाडी सुटली. मी म्हटलं, रोज कशी सुटते? नवी आणा एकदाची!

११ फेब्रुवारी, बुधवार
नवं कोष्टक. तीसपैकी सात चक्क शून्यावर. सरासरी सातशे – बँकेच्या वरच, म्हणा. पण ती सगळी तीन-चार दांडग्यांनी वर ओढून नेलेली. ओळीने उभ्या केल्या तर मधोमध येणारी कंपनी तीनशेवर, म्हणजे बँकेच्या खाली! आपल्या नशिबी कुठली येईल कुणी सांगावं?

जुना कागद काढला नाही. नवा शेजारी लावला. मुलांना म्हटलं, तुलना करायची तर शर्यत सुरू होताना जे उभे होते ते सगळे मोजा. नुसते पोचलेले मोजू नका. पण-मॅडमने मुकाट्याने लिहून घेतलं. चक्क 'पण' नाही!

आता घरी बोलायलाच हवं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
बोलले. चहा पिता पिता सगळं सांगितलं – चिठ्ठ्या, सात शून्यं, मधली कंपनी. वाटलं होतं वाद घालतील. पण हे उठले. मग भिंतीवरचा त्यांच्या विभागाचा जुना फोटो काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा आमचा रोखपाल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ही टायपिस्ट, पन्नाशीही गाठली नाही. हा. आणि हा, कोपऱ्यातला. अकरा जण होतो. चौघं निवृत्तीच्या आतच गेले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साठीपर्यंत टिका आणि मग फिरा, म्हणतेस. तू ज्यांची नावं घेतेस ते सगळे पोचलेले, अगं. हे चौघं कुठल्या यादीत?"

"अभद्र बोलू नका!" म्हणून मी कपबशा उचलून आत आले. नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. माझाच धडा, आणि मलाच! भीती वाटली. कशाची ते नीट सांगता येत नाही. संध्याकाळभर आवरलेलं कपाट पुन्हा आवरत बसले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आज त्यांचे रोजचे बूट पुसायला घेतले. त्यांना नाडीच नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
ह्यांना न विचारता कोपऱ्यावरच्या हृदयाच्या दवाखान्यात वेळ घेतली होती. वाटलं, नाना सबबी सांगतील. निमूट आले. आत पाऊल ठेवलं तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या! या खेपेला तरी मिसेसना आणलंत. बरं केलं."

अर्ज त्यांच्या खिशातच होता. परत येताना मीच ऑफिसात नेऊन दिला. पैसे कुठे ठेवायचे ते मागाहून बघू.